एक उदबत्ती, एक होळी आणि तीन सॉफ्टवेअर

परळला माझ्या मामाच्या चाळीत होळी अजून अंगणातच लागते. मधोमध एरंडाची फांदी, भोवती गोवऱ्या, मोडक्या खाटेचे पाय, कुणाच्या तरी जुन्या दाराची फळी. या वर्षी मी दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला फोन सुतळीने घट्ट बांधला आणि नैवेद्य पडल्यापासून निखारे होईपर्यंत सगळं एका दमात टिपून घेतलं. पोरांच्या बोंबा, ढोलकी, "कपडे काढा गो, धूर लागेल" म्हणून ओरडणाऱ्या काकू, सगळं त्यात आहे. मला मात्र धूर हवा होता.

काम असं होतं. जुन्या गिरणगावात घडणारी एक मालिका, चाळीचं अंगण, रात्रीची होळी, वर तीन मजले माणसांनी भरलेले. सेट लाकडाचा, त्यामुळे खरी आग नको असं पहिल्याच बैठकीत ठरलं. मधे फक्त नारिंगी दिवे लावून शूट झालं आणि आग माझ्याकडे आली. चार शॉट, त्यातला सगळ्यात लांब १४ सेकंदांचा, म्हणजे ३३६ फ्रेम. गेली अकरा वर्षं मी एफएक्सचं, म्हणजे संगणकावर आग, धूर असलं काही बनवायचं, काम करते. आधी गोरेगाव-मालाडच्या स्टुडिओंमध्ये केलं, आता भांडुपला घरूनच करते. आग आणि धूर माझ्या रोजच्या कामातले, पण एकच आग तीन वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये, एकाच संगणकावर, एकाच व्हिडिओशी ताडून पाहायची सवड कधी मिळाली नव्हती. या वेळी तारखा सैल होत्या, म्हणून ते केलं. हुडिनी, एम्बरजेन आणि ब्लेंडर. घरच्या संगणकात १६ कोअरचा प्रोसेसर, ६४ जीबी रॅम आणि १२ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आहे. पुढचं सगळं या संगणकावरचं आहे.

माझ्या मते आगीचं सॉफ्टवेअर निवडताना एक प्रश्न सगळ्यांत आधी विचारावा: सुपरवायझरने नोट दिल्यावर काय होतं? पहिली आग तिन्हींत चांगली पेटते. "छान आहे, फक्त डावीकडची ज्वाळा जरा बसव आणि धूर पोरांच्या तोंडावर येऊ देऊ नको" असं ऐकल्यावर मात्र तिघांचे स्वभाव उघडे पडतात.

माझा पंच होता मामा. मामा गिरणीच्या बॉयलरवर फायरमन होता. १९८२च्या संपात गिरणी सुटली तेव्हा तो पंचविशीत होता, पण डोळा तोच राहिला. चिमणीतून काळा धूर निघाला की भट्टीला हवा कमी पडतेय, पांढरा निघाला की हवा जास्त झाली किंवा कोळसा ओला आहे, आणि विरळ करडा धूर दिसला की सगळं नीट जळतंय, असं तो लहानपणी आम्हाला शिकवायचा. आम्ही त्याच्याबरोबर गच्चीवर उभं राहून गिरण्यांच्या चिमण्या वाचायचो. आज त्याच गच्चीतून टॉवर दिसतात. धुराकडे बघून तो कसा झालाय ते सांगणारा माणूस माझ्या घरातच असताना मी दुसरा पंच कशाला शोधू?

होळीच्या आधी उदबत्ती. नवीन काहीही हातात आलं की मी पहिल्यांदा उदबत्ती लावते. तिचा धूर आधी दोन-तीन मिलिमीटरच्या सरळ दोऱ्यासारखा वर जातो, साधारण वीतभर चढल्यावर डुलायला लागतो, त्याला वेटोळी पडतात आणि मग तो फुटून विरतो. हे सगळं तळहाताएवढ्या जागेत होतं. सॉफ्टवेअरमध्ये हीच गोष्ट फार जड जाते, कारण धूर तिथे चौकोनी खोक्यांत, व्हॉक्सेलमध्ये, साठवलेला असतो. प्रत्येक फ्रेमला हवेच्या वेगाने एका खोक्यातला धूर पुढच्या खोक्यात सरकवताना थोडी सरासरी होते आणि कडा बोथट होत जातात. योस स्टॅम यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या पद्धतीमुळे असे हिशोब कितीही मोठ्या पावलाने केले तरी कोसळत नाहीत, आणि आज आपण वापरतो ती जवळजवळ सगळी सॉफ्टवेअर त्याच वाटेवर आहेत. त्या स्थैर्याची किंमत म्हणजे हा बोथटपणा. २००१ मध्ये फेडकिव, स्टॅम आणि येन्सन यांनी धुराचे हरवलेले भोवरे परत घालण्याचा उपाय धुराच्या सिमसाठी, म्हणजे सिम्युलेशनसाठी, आणला. आपल्या पॅनेलमध्ये व्हॉर्टिसिटी किंवा कन्फाइनमेंट नावाची जी कळ असते, तिचं मूळ तिथे आहे. म्हणून ती कळ मसाल्यासारखी वापरावी. बोथट झालेलं थोडं परत येतं. जास्त टाकली की धूर उकळत्या शेवयांसारखा दिसतो.

उदबत्तीत हुडिनी सहज पुढे गेलं. २० सेंमी रुंद, तेवढंच खोल आणि ६० सेंमी उंच डब्यात एक मिलिमीटरचे व्हॉक्सेल घेतले तर दोन कोटी चाळीस लाख होतात, पण त्यातल्या बहुतेकांत नुसती हवा असते. हुडिनीच्या १८व्या आवृत्तीत, २०१९ मध्ये, पायरोला, म्हणजे त्यातल्या आग-धुराच्या भागाला, विरळ सॉल्व्हर (हिशोब करणारा भाग) मिळाला. तो जिथे धूर आहे तिथलीच खोकी मोजतो. दोऱ्याएवढ्या धुराला दोऱ्याएवढीच मेहनत. शिवाय धूर सरकवायची पद्धत बदलता येते. मॅककॉर्मॅक निवडली की दोरा शेवटपर्यंत दोराच राहतो. ब्लेंडरमध्ये दोरा जाडजूड वातीसारखा झाला. डोमेन, म्हणजे सिमचा डबा, धुरापुरतं आपोआप लहान-मोठं होण्याची सोय चालू केली आणि रिझोल्यूशन चढवत नेलं तेव्हा बरा झाला, पण वेटोळ्यांना ती नाजूक धार आली नाही. एम्बरजेनमध्ये मी आधी तयार नमुना उघडला आणि त्यातली खळबळ एकेक करून शून्यावर आणली. ते केल्यावर दोरा समोर सरळ उभा राहिला आणि मी माउसने हवेचं बळ हलवताच डुलला. मामा तेव्हा शेजारी बसला होता. तो काही बोलला नाही, पण त्याने नकळत हात पुढे करून पडद्यावरच्या धुराला वारा घातला. एम्बरजेनबद्दल माझ्या मनात जी माया आहे ती त्या क्षणापासूनची.

आता होळी.

आगीचा आकार माणसाला कशावरून कळतो? ज्वाळेच्या उंचीवरून कळतो असं वाटतं, पण पडद्यावर उंची मोजायला काही नसतं. डोळा वेग पाहतो. मोठी आग सावकाश श्वास घेते. बुडाशी हवा आत ओढली जाते, ज्वाळेची कंबर बारीक होते, मग फुगा वर सुटतो, पुन्हा हवा आत. या फुग्यांचा एक साधा हिशोब आहे: आगीच्या बुडाचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा आणि दीडला त्याने भागा, सेकंदाला साधारण तितके फुगे सुटतात. आमची होळी दोन मीटर रुंद होती, म्हणजे सेकंदाला एकाच्या जरा वर. मी फोनवरचा व्हिडिओ लावून २० सेकंद बोट टेबलावर आपटत मोजले. २१ भरले. सेंटिमीटरभर रुंद ज्वाळा याच हिशोबाने सेकंदाला पंधरा वेळा फडफडेल. नवशिक्यांच्या आगी खेळण्यातल्या वाटतात, त्यात बहुतेक वेळा ही चूक असते: आकार होळीचा आणि धाप काडेपेटीची. अंधेरीच्या एका क्लासमध्ये मी काही महिने शिकवलं. तिथे मुलांना शंभर बटणं पाठ होती. पेटलेल्या आगीसमोर घड्याळ धरून बसायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून सांगते, कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, पहिल्या सिमचे फुगे मोजा.

एम्बरजेनमध्ये हे मोजणं आनंदाचं आहे. जँगाएफएक्सचं हे सॉफ्टवेअर सगळा हिशोब ग्राफिक्स कार्डावर करतं आणि आग तुमच्या डोळ्यांदेखत जळत राहते. तीन मीटर रुंद, तीन खोल, सहा उंच डबा आणि दोन सेंटिमीटरचे व्हॉक्सेल, म्हणजे साडेसदुसष्ट लाख, माझ्या कार्डावर थांबत नव्हते. उष्णतेचं उचल बळ कमी केलं की त्याच क्षणी होळी जड व्हायची, वाढवलं की भडकायची. २१ फुगे बसवायला मला पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासात उष्णता, विझण्याचा वेग आणि गॅसचं फुगणं यांचं एकमेकांशी काय नातं आहे ते मला अकरा वर्षांत जेवढं उमगलं नव्हतं तेवढं उमगलं. पूर्वी मी एक कळ फिरवायचे, चहा करायला जायचे, परत येऊन बघायचे. तेवढ्यात आधीची आग कशी होती ते डोळ्यांतून गेलेलं असायचं. दोन आगी शेजारी शेजारी आठवता येत नाहीत. एकच आग बदलताना पाहिली की कळते.

शॉटच्या सुरुवातीचंही तिथे सोपं आहे. आपला शॉट उघडतो तेव्हा होळी आधीच पेटलेली असते. हुडिनी किंवा ब्लेंडरमध्ये सिम निदान साठेक फ्रेम आधीपासून चालवावं लागतं. आपल्या धंद्यात शॉटची पहिली फ्रेम १००१ धरतात ती याचसाठी, मागे जागा हवी म्हणून. एम्बरजेनमध्ये आग जळतच असते. रंगात आली की तिथून फ्रेम लिहून घ्यायच्या.

भिंत लागते ती कार्डाच्या मेमरीची. व्हॉक्सेल निम्मा केला की त्यांची संख्या आठपट होते. एक सेंटिमीटरला माझा डबा पाच कोटी चाळीस लाखांवर गेला आणि वेग सेकंदाला दोन-तीन फ्रेमवर आला. तेही चालेल, कारण तेव्हा फक्त लिहून घ्यायचं असतं. पण अर्ध्या सेंटिमीटरला त्रेचाळीस कोटी वीस लाख होतात. प्रत्येक खोक्यात धूर, तापमान, ज्वाळा आणि वेगाचे तीन आकडे, असे सहा आकडे, प्रत्येकाला चार बाइट. नुसतं हे धरलं तरी १० जीबीच्या वर जातं, आणि सॉल्व्हरला स्वतःच्या कच्च्या कामाला जागा हवीच. १२ जीबीच्या कार्डात ते मावत नाही. हाच डबा ६४ जीबी रॅममध्ये हुडिनीने धरला, आणि विरळ असल्यामुळे सगळा भरलाही नाही. आणखी एक सांगून ठेवते: रिझोल्यूशन वाढवलं की आग तीच राहत नाही. बारीक खोक्यांत नवे भोवरे जन्मतात आणि ज्वाळेचा आकारच बदलतो. दोन सेंटिमीटरला मंजूर झालेली होळी एक सेंटिमीटरला वेगळी असते. एम्बरजेनमध्ये निदान हे लगेच दिसतं.

ब्लेंडरबद्दल मी मनापासून लिहिणार आहे, कारण माझ्याकडे काम शिकणाऱ्या कितीतरी मुलांकडे दुसरं काही घ्यायला पैसे नव्हते. ते फुकट आहे, काम कमावायलाही फुकट आहे, आणि फेब्रुवारी २०२०च्या २.८२ आवृत्तीपासून त्यात मँटाफ्लो नावाचा सॉल्व्हर आहे, जो म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या निल्स थुराय यांच्या गटातून आला. रचना सोपी आहे: एक डबा म्हणजे डोमेन, एक वस्तू आग सोडणारी, एक वस्तू अडवणारी. पहिल्या तासात होळी पेटते. तिचा मला सगळ्यात आवडलेला गुण म्हणजे दोन टप्प्यांचं बेकिंग (सिमचा हिशोब करून साठवून ठेवणं). आधी जाड सिम बेक करायचं, सुपरवायझरकडून चाल मंजूर करून घ्यायची, मग त्याच चालीवर बारीक नक्षी वेगळी बेक करायची. मघाशी आकार बदलण्याचं जे दुखणं सांगितलं ते इथे टळतं. नक्षी जवळून पाहिली की चिकटवलेली वाटते, पण अंगणाच्या पलीकडच्या शॉटला ती पुरून उरली आणि चारांपैकी एक शॉट मी ब्लेंडरमधूनच दिला.

पण सगळं प्रोसेसरवर चालतं. एक सेंटिमीटरच्या होळीला पूर्ण रात्र लागली. सकाळी सहाला उठून पाहिलं तर वारा उलट्या बाजूने लावला होता. दुरुस्ती अगदी छोटी, एक उणे चिन्ह, आणि पुन्हा एक रात्र. कॅशेचं, म्हणजे बेक झालेल्या फायलींचं, फोल्डर कुठे आहे ते आधी स्वतः ठरवा, फाइल सेव्ह करा, मगच बेक दाबा. एका स्टुडिओत माझ्या शेजारच्या मुलीची दोन दिवसांची कॅशे तात्पुरत्या फोल्डरमध्ये पडली होती आणि साफसफाईत गेली. ती रडली नव्हती, गप्प बसून पुन्हा बेक लावलं होतं. मला अजून आठवतं.

मग नोटा आल्या, आणि हे सगळं लिहायचं खरं कारण त्या आहेत. पहिली नोट: डावीकडची ज्वाळा बसवा, तिथे कलाकाराचा चेहरा आहे. दुसरी: धूर पहिल्या मजल्याच्या गॅलरीखाली अडकून मग बाहेर वळला पाहिजे, आत्ता तो कठड्यातून आरपार जातोय.

एम्बरजेनमध्ये पहिली नोट मी सुपरवायझरसमोर, कॉल चालू असतानाच संपवली. आग सोडणारा आकार डावीकडे आवळला, झालं. दुसऱ्या नोटेला चाळीचं मॉडेल आत आणलं आणि धूर त्याला अडला, पण कठड्याच्या गजांमधली जागा दोन सेंटिमीटरच्या व्हॉक्सेलला दिसेना. गज चार सेंटिमीटरवर होते, म्हणजे मधे जेमतेम दोन खोकी. बारीक करावं तर तीन मजल्यांचा डबा कार्डात मावेना. शेवटी मी तिथे थांबले.

ब्लेंडरमध्ये पहिल्या नोटेला लाकडांच्या मॉडेलवर वजन रंगवलं, डावीकडे कमी, उजवीकडे जास्त. ही पद्धत मला फार आवडते, हाताने पीठ पेरल्यासारखी आहे. पण परिणाम सकाळी कळला. धूर तोंडावर येऊ नये म्हणून तिथे धूर गिळणारी अदृश्य वस्तू ठेवली. गेला, पण कापल्यासारखा गेला.

हुडिनीमध्ये पहिल्या नोटेला मला अर्धा दिवस लागला, हे खरं आहे आणि ते लपवणार नाही. पण त्या अर्ध्या दिवसात मी कलाकाराच्या डोक्याभोवती एक गोळा ठेवला, त्या गोळ्याच्या आत उष्णता लवकर निवेल आणि धूर लवकर विरेल असं सांगितलं, कडेला ते हळूहळू शून्यावर आणलं, आणि गोळा कलाकाराच्या हालचालीला बांधला. तो मान वळवतो तशी ज्वाळा त्याच्यापुरती नमते. पुढे त्याच शॉटवर आणखी तीन नोटा आल्या आणि तिन्ही वेळा मी फक्त तो गोळा हलवला. गॅलरीसाठी मॉडेलला अडथळा केलं, विरळ सॉल्व्हरमुळे अंगण ते तिसरा मजला एकाच सिममध्ये बसलं, आणि धूर पहिल्या मजल्याच्या फळ्यांखाली पसरला, कडेला आला, गजांतून थोडा झिरपला, बाकीचा वळून वर गेला. वाळत घातलेल्या साडीभोवतीसुद्धा. परळला समुद्राकडून येणारा संध्याकाळचा वारा अंगणात शिरला की तो सरळ वाहत नाही, समोरच्या भिंतीवर आपटून माघारी फिरतो. ते मी वेगळं लावलं नव्हतं. भिंती बरोबर ठेवल्या आणि पश्चिमेचा वारा सोडला, तसा तो आपणच फिरला. त्या रात्री मी ते सिम पुन्हा पुन्हा लावून बघत बसले.

हुडिनी कठीण आहे. टोरांटोच्या साइडएफएक्सने ते असं बांधलंय की प्रत्येक गोष्ट उघडून आत हात घालता येतो, आणि त्यामुळे पहिले सहा महिने कुठे हात घालायचा तेच कळत नाही. तयार नमुन्यांनी आग पेटते, पण नमुन्याच्या बाहेर पाऊल टाकलं की फील्ड (खोक्याखोक्यात साठवलेले धुराचे, तापमानाचे आकडे) म्हणजे काय, कुठल्या पायरीवर काय लिहिलं जातं, हे समजून घ्यावंच लागतं. शिकायला अप्रेंटिस आवृत्ती फुकट आहे. तिच्यातून काढलेल्या चित्रांवर शिक्का येतो आणि व्यावसायिक काम करता येत नाही. एकट्याने काम करणाऱ्यांसाठी इंडी आहे, वर्षाचं उत्पन्न एक लाख डॉलरच्या आत असणाऱ्यांना. आपल्यासारख्या घरून काम करणाऱ्यांना तेच परवडतं. फक्त लक्षात ठेवा, इंडीची फाइल स्टुडिओच्या पूर्ण परवान्याच्या हुडिनीत उघडली की ते सत्रच इंडी होऊन बसतं. फाइल देऊ नका, व्हीडीबी द्या, म्हणजे तयार धूर-आगीचे नुसते व्हॉक्सेल. ड्रीमवर्क्सने २०१२ मध्ये ओपनव्हीडीबी सगळ्यांसाठी खुलं केलं आणि त्यामुळेच आज एम्बरजेनची आग हुडिनीत आणि हुडिनीचा धूर ब्लेंडरमध्ये उघडतो. माझ्या या कामात तिन्ही एकत्र नांदली ती त्याच्या जिवावर. लिहिताना १६ बिटांत लिहा; आकार निम्मा होतो आणि धुरात फरक दिसत नाही. भांडुपहून गोरेगावला रात्री डेटा चढवणाऱ्या माणसाला निम्मं म्हणजे झोप.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. थ्रीडीएस मॅक्सवाल्यांकडे फ्युमएफएक्स आणि केऑसचं फिनिक्स आहे. मी फिनिक्सवर तीन वर्षं काम केलंय, त्याचे तयार नमुने अजूनही भरवशाचे आहेत आणि जाहिरातीच्या घाईच्या कामाला मी आजही नाही म्हणणार नाही. सिनेमा फोरडीत आता स्वतःचं पायरो आहे, कार्डावर चालणारं, मोशन ग्राफिक्सवाल्यांनी जरूर घ्यावं. हुडिनीच्या आतच कार्डाचा वेग हवा असेल तर अ‍ॅक्सिअम नावाचा वेगळा सॉल्व्हर मिळतो. माझ्या पुढच्या कामाला मी तो घेणार आहे.

रंगाचं एक राहिलं. सिम वाईट आहे म्हणून ज्या आगी टाकून दिल्या जातात त्यांतल्या निम्म्या शेडिंगमध्ये, म्हणजे रंग-उजेड देताना, बिघडलेल्या असतात. फोनने माझी होळी मधोमध पांढरी फटक टिपली होती आणि पहिल्या दिवशी मी तसाच रंग दिला. मामाने पाहिलं आणि म्हणाला, "ही लाकडाची न्हाय गो. ही गॅसची शेगडी." बरोबर होतं. लाकडाच्या ज्वाळेचा पिवळा-नारिंगी रंग तिच्यातल्या तापलेल्या काजळीचा असतो, आणि ती काजळी थंड झाली की तोच काळा धूर होतो. म्हणजे ज्वाळेचं टोक आणि धुराचं बूड एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत. मी ते दोन वेगळे थर म्हणून रंगवले होते. तापमानावरून रंग घेतला, ज्वाळा जिथे विझते तिथेच धूर जन्माला घातला, आणि होळी लाकडाची झाली. हे तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये जमतं. एम्बरजेनमध्ये दहा मिनिटांत जमलं, ब्लेंडरमध्ये प्रिन्सिपल्ड व्हॉल्यूम नावाच्या शेडरमध्ये तासाभरात, हुडिनीत जास्त वेळ लागला कारण मी तिथे जास्त हट्ट धरला.

कुणी काय घ्यावं हे विचारणाऱ्यांना मी हे सांगते. हातात पैसे नाहीत आणि शॉट दोन-तीनच आहेत, तर ब्लेंडर घ्या आणि रात्री बेक लावून झोपा. मुंबईत एफएक्सची नोकरी हवी असेल तर हुडिनीला पर्याय नाही. मला आजवर जिथे जिथे बोलावलं तिथे पहिला प्रश्न तोच होता. गेमसाठी फ्लिपबुक (एकामागून एक दाखवायच्या फ्रेमचे तक्ते) हवेत, दूरचा धूर हवा, किंवा दिग्दर्शकाला शेजारी बसवून आग ठरवायची असेल, तर एम्बरजेन. माझ्यापुरतं ठरलंय: आगीची चाल एम्बरजेनमध्ये शोधायची, फुगे तिथे मोजायचे, आणि नोटा येणार असतील तो शॉट हुडिनीत बांधायचा. या मालिकेचे तीन शॉट तसे गेले आणि तिन्ही मंजूर झाले.

गेल्या रविवारी लॅपटॉप घेऊन परळला गेले. मामाला १४ सेकंदांचा शॉट दाखवला. त्याने चष्मा पुसला आणि सहा वेळा लावायला सांगितला. शेवटी पडद्यावर, पहिल्या मजल्याच्या खाली, बोट ठेवलं. "हितला धूर पांढरा हाय. लाकूड ओलं हाय काय?" मी म्हटलं, नाही मामा, होळी मार्चमधली, लाकूड सुकंच आहे. "मग हितं हवा कमी पडते. गॅलरीच्या खाली कोंडतो ना. काळा कर जरा." सुपरवायझरने मंजूर केलेला शॉट आहे, द्यायची तारीख शुक्रवार. हुडिनीत फाइल उघडली आहे, गॅलरीखाली एक डबा ठेवलाय, आणि त्याच्या आत काजळी वाढवून सिम लावलंय. फ्रेम १०४० चालू आहे.